कोपराखालचा टॅटू झाका म्हणतात, मग हात धुवायचे कसे?

नाइटड्यूटी

मी सर्जिकल वॉर्डात स्टाफ नर्स आहे. उजव्या हाताला मनगटापासून कोपराच्या अलीकडेपर्यंत नेच्याची पानं आहेत, नुसत्या काळ्या शाईत. लहानपणी भाजल्याचा मोठा व्रण होता तिथे, त्याच्यावरच काढून घेतली. आता नव्या मेट्रन आल्यात. पहिल्याच राउंडला हाताकडे बघून म्हणाल्या, "उद्यापासून हे दिसता कामा नये. आतून पूर्ण बाहीचं घालत जा."

घातलं. पण पेशंटला हात लावायच्या आधी हात धुवायचे, नंतर धुवायचे. बाही वर सारली की धुता धुता खाली घसरते. ड्रेसिंग करताना बाहीची कड ओली झाली, तशीच घेऊन पुढच्या बेडकडे कशी जाणार? जाऊन बदलून आले. सकाळपर्यंत जवळचे सगळे जोड संपले होते.

पेशंटनी कधी तक्रार केलेली नाही. एक आजोबा तर कॅन्युला लावताना सुई दिसू नये म्हणून माझ्या हातावरची पानं मोजत बसायचे. आणि मनाला लागलंय ते वेगळंच. तिथे व्रण दिसायचा तेव्हा कुणीच झाक म्हणालं नाही. हात तोच आहे.

भांडण नकोय, नोकरीही सोडायची नाहीये. कुणाशी आणि काय बोलू?

स्पष्टवक्ता

ताई, राग मानू नका. दवाखान्यात आलेला माणूस आधीच घाबरलेला असतो. समोरच्याचा अवतार बघूनच तो भरवसा ठेवतो किंवा ठेवत नाही. वरिष्ठांनी सांगितलंय तर झाका, विषय वाढवू नका. स्किन कलरचा मेकअप मिळतो, तो लावा.

हातधुवा

नाइटड्यूटी, मी बरीच वर्षं इन्फेक्शन कंट्रोल बघते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमच्या मेट्रननी टॅटू झाकायला सांगून हात धुण्याच्या नियमालाच धक्का लावलाय, आणि हे त्यांच्या लक्षात आलेलं नसणार. जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीने साबणाने हात धुवायला ४० ते ६० सेकंद लागतात, हँडरबने, म्हणजे हाताला चोळायच्या अल्कोहोलने, २० ते ३०. वॉर्डात मनगटही धुतलं जायला हवं, आणि बाही तिथपर्यंत आली की ते राहतंच. इंग्लंडच्या सरकारी रुग्णालयांसाठी २००७ साली कोपराखाली हात उघडे ठेवायचा नियम जाहीर झाला. लांब बाह्या नाहीत, घड्याळ नाही, साधी वळी सोडली तर अंगठी नाही. लांब बाहीमुळेच संसर्ग वाढतो याचा ठोस पुरावा तोकडा आहे, हेही सांगते, नाहीतर उद्या कुणी विचारलं तर तुम्ही अडकाल. पण ओल्या बाहीने दुसऱ्या पेशंटला हात लावू नये हे पटवायला संशोधन लागत नाही.

आता टॅटूचं. शाई कातडीच्या वरच्या थरात नसते, खालच्या थरात, डर्मिसमध्ये असते. वरची कातडी भरून आली की तो हात इतर कुठल्याही हातासारखाच धुता येतो. ताजा टॅटू मात्र जखम असते. कातडी भरेपर्यंत, म्हणजे साधारण दोन-तीन आठवडे, तो झाकायलाच हवा आणि तेवढे दिवस पेशंटला हात लावायचं कामही नको. तिथे मी कुणालाही सूट देत नाही. तुमचा जुना आहे, प्रश्न मिटला.

स्पष्टवक्ता, मेकअपचं म्हणाल तर तासातासाला अल्कोहोल चोळायचं असतं. तो टिकणार नाही, आणि सुटलेला मेकअप जखमेजवळ न्यायचा का, सांगा. भरवशाचा मुद्दा मात्र मी उडवून लावत नाही. शिवी, नग्न चित्र, कुणाचा द्वेष करणारं चिन्ह पेशंटच्या डोळ्यासमोर नकोच. पानाला तो नियम लावायचं कारण काय?

भरतीविभाग

हातधुवा यांना +१. मी एचआरमध्ये आहे, कागदाची बाजू सांगतो.

लेखी नियम मागा. बऱ्याच ठिकाणी "नीटनेटके दिसावे" एवढंच असतं आणि बाकीचं साहेबाच्या आवडीवर चालतं. धोरण लिहिलेलं असेल तर निदान सगळ्यांना सारखं लागतं. एअर न्यूझीलंडने सप्टेंबर २०१९ पासून कर्मचाऱ्यांचे टॅटू दिसू दिले. ता मोको, म्हणजे तिथल्या मूळच्या माओरी लोकांचा पारंपरिक टॅटू, अंगावर असलेल्यांना तो लपवावा लागत होता, हे त्यामागचं मोठं कारण. आक्षेपार्ह चित्रांवरची बंदी तशीच ठेवली. व्हर्जिन अटलांटिकने २०२२ मध्ये केबिन क्रूला मोकळीक दिली. गणवेशाबाबत विमान कंपन्यांइतकं काटेकोर कुणी नसतं, म्हणून ही उदाहरणं बैठकीत उपयोगी पडतात.

कायद्यावर मात्र फार भिस्त ठेवू नका. तुमचा व्रणाचा मुद्दा वाचून ब्रिटनचं आठवलं. तिथल्या २०१० च्या समानता कायद्यात गंभीर विद्रूपतेला संरक्षण आहे, पण त्याच वर्षीच्या नियमांत टॅटूला त्यातून स्पष्ट वगळलंय. म्हणजे व्रण असता तर कदाचित कायदा पाठीशी उभा राहिला असता, त्याच्यावर पानं काढली की नाही. मला हे पटत नाही, पण आहे ते असं आहे. म्हणून हक्काची भाषा मागे ठेवा, पेशंटच्या सुरक्षिततेची पुढे करा.

नाइटड्यूटी

सगळ्यांचे आभार, स्पष्टवक्ता तुमचेही. मेट्रनबाईंना भेटून बोलू की लेखी देऊ?

हातधुवा

आधी भेटा, राउंड संपल्यावर, एकट्या. टॅटूचं नाव काढू नका. "मॅडम, ड्रेसिंगच्या वेळी बाही ओली होते, काय करू?" एवढंच विचारा. जमलं तर वॉर्डातल्या सिंकवर त्यांच्यासमोर एकदा त्या बाहीत हात धुऊन दाखवा. मग इन्फेक्शन कंट्रोल कमिटीला चार ओळींचं पत्र द्या, प्रत मेट्रनना. कोपराखाली काहीही नको हा नियम सगळ्यांसाठी मागा, घड्याळवाल्या डॉक्टरांसकट.