बँडिंगनंतर शिरा ‘नाहीशा’ झाल्या, तरी गोळी आणि एंडोस्कोपी चालूच का?

रावपुरेकर

माझे वडील निवृत्त शिक्षक असून वय ६८ आहे. दारूला ते कधी शिवले नाहीत, पण मधुमेह जुना आणि वजन जास्त. गेल्या हिवाळ्यात रात्री अचानक रक्ताची उलटी झाली, तेव्हाच त्यांना सिरॉसिस, म्हणजे यकृत कठीण होत जाण्याचा आजार, असल्याचे आम्हाला कळले. (दारूबंदीच्या राज्यात राहूनही बडोद्यातल्या नातेवाइकांचा पहिला प्रश्न ‘घेत होते का?’ हाच होता.) अन्ननलिकेतील फुगलेल्या शिरांवर टप्प्याटप्प्याने बँडिंग (रबराची कडी बसवणे) झाले आणि ताज्या अहवालात शिरा नाहीशा झाल्याचा शेरा आहे. बाबा म्हणतात, शिराच उरल्या नाहीत तर कार्वेडिलॉलची गोळी आणि पुन्हापुन्हा एंडोस्कोपीची नळी घालून घेणे कशासाठी? गोळीमुळे त्यांना उठताना गरगरते, हेही खरे. अशा रुग्णांचे पुढे काय होते, हे जाणकारांनी स्पष्ट सांगावे.

कारेलीबागेतील निवृत्त परिचारिका

मी डॉक्टर नाही, परंतु नोकरीचा मोठा काळ एंडोस्कोपी कक्षात गेला आहे. बँडिंग करताना नळीच्या टोकाला पारदर्शक टोपी बसवलेली असते. फुगलेली शीर तीत ओढून घेतली की पडदा सगळा लाल होतो आणि त्याच क्षणी बाहेरची मूठ फिरवून रबराचे कडे शिरेच्या मुळाशी सोडतात. काही दिवसांत आवळलेला भाग सुकून गळतो, तेथे व्रण होतो आणि तो भरून येतो. म्हणजे नाहीशी झाली ती शीर; तिच्यात रक्त ढकलणारा दाब तसाच राहिला. हा दाब यकृत कठीण झाल्यामुळे पोर्टल शिरेत, म्हणजे आतड्यांकडून यकृताकडे रक्त नेणाऱ्या शिरेत, साठतो, आणि यकृताच्या अलीकडच्या व पलीकडच्या शिरांतील दाबाचा फरक साधारण १२ मिलिमीटर पाऱ्याच्या वर गेला की शिरा फुटण्याची भीती असते. दाब कायम असेल तर शिरा पुन्हा फुगतात, आणि हे अपवादाने नव्हे तर पुष्कळ रुग्णांत घडते. म्हणून शिरा गेल्यावर पहिली तपासणी साधारणतः तीन ते सहा महिन्यांनी व नंतर सहा ते बारा महिन्यांच्या अंतराने करतात. तेव्हा लहानशी शीर दिसली तर एखाददुसऱ्या कड्यावर काम भागते.

गोळीचे काम वेगळे आहे: ती दाबच उतरवते. एकदा रक्तस्राव होऊन गेलेल्या रुग्णाला पुढे कोणताही प्रतिबंधक उपचार मिळाला नाही, तर एक-दोन वर्षांत सुमारे ६० टक्के जणांना पुन्हा रक्तस्राव होतो. त्यामुळेच बँडिंग आणि गोळी या दोहोंची जोडी लावतात. गरगरण्याबद्दल सांगायचे तर बसून व उभे राहून घेतलेला रक्तदाब लिहून डॉक्टरांना दाखवावा. वरचा आकडा ९० च्या खाली जात असेल तर ते मात्रा कमी करतील किंवा गोळी थांबवतील. मनाने मात्र बंद करू नये.

दांडियाबाजारची आई

मूळ आजार कोणता, हे पाहिल्याशिवाय कोणाच्याही अनुभवावरून अंदाज बांधू नये, एवढे सांगण्यासाठी लिहिते. माझ्या मुलीला लहानपणी अशीच रक्ताची उलटी झाली होती, पण तिला सिरॉसिस नव्हता. यकृताच्या बाहेरच पोर्टल शीर बंद झाली होती, जो प्रकार आपल्या देशात मुलांमध्ये बराच आढळतो. तिच्यावरही बँडिंगच झाले. यकृत निरोगी असल्याने ती आज विद्यापीठात शिकते आहे. प्लीहा मोठी आहे आणि तपासण्या चालू आहेत, इतकेच.

रावपुरेकर

ताई, हा फरक आम्हाला कोणी सांगितलाच नव्हता. म्हणजे बाबांचे पुढचे आयुष्य बँडिंगवर नव्हे, यकृतावर ठरणार?

सूरसागर

रावपुरेकर, बऱ्याच अंशी होय. रक्तस्राव झाल्यापासून पहिल्या सहा आठवड्यांत आजही १५ ते २० टक्के रुग्ण दगावतात, आणि त्यांत यकृत आधीच खचलेले असलेल्यांचे प्रमाण जास्त असते. तो टप्पा आपल्या वडिलांनी ओलांडला आहे. पुढे कावीळ, पोटात पाणी, जंतुसंसर्ग आणि यकृताचा कर्करोग यांचे धोके उरतात, आणि त्यांतल्या एकावरही रबराच्या कड्याचा इलाज नाही. माझ्या थोरल्या भावाला हिपॅटायटिस बी होता. टेनोफोव्हिर हे विषाणूविरोधी औषध सुरू झाल्यावर विषाणू दबला आणि यकृत हळूहळू सावरले, म्हणून त्याचे आज बरे चालले आहे. आपल्या वडिलांच्या बाबतीत कारण मेदयुक्त यकृताचे असेल तर साखर आणि वजन यांवर खरी मेहनत घ्यावी लागेल, मात्र उपास करून नव्हे, कारण सिरॉसिसमध्ये प्रथिने कमी पडली की स्नायू झिजतात. नवरात्राच्या उपवासाचा हट्ट त्यांनी सोडावा. पोटात पाणी होऊ लागले तर फरसाण, पापड, लोणचे आधी बंद करावे लागेल. गुडघेदुखीसाठी दुकानातून वेदनाशामक आणून देऊ नये. त्याने मूत्रपिंडाला इजा होते व रक्तस्रावही होऊ शकतो. यकृताच्या कर्करोगावर लक्ष ठेवण्यासाठी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि अल्फा फीटोप्रोटीनची रक्ततपासणी चुकवू नये.

गोळी व बँडिंग दोन्ही नीट चालू असूनही पुन्हा रक्त आले, तर यकृतातून जाळीची नळी घालून दाब उतरवण्याचा मार्ग, ज्याला टिप्स म्हणतात, किंवा यकृत प्रत्यारोपण यांचा विचार होतो. टिप्सनंतर काहींना भ्रम होतो, त्यामुळे ते सरसकट करत नाहीत.

कारेलीबागेतील निवृत्त परिचारिका

एक राहिले. डांबरासारखी काळी शौच झाली तर उलटीची वाट न पाहता रात्र असली तरी रुग्णालयात न्यावे. आणि प्रत्येक एंडोस्कोपीचा अहवाल तारखेनुसार एकाच फाइलीत लावून सोबत न्यावा. मागच्या वेळी शिरा कुठे व किती मोठ्या होत्या, हे तपासणाऱ्याला त्यावरूनच कळते.