मुक्त पद्धतीच्या शाळेत शिकलेल्यांची मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आम्ही मुलुंडला राहतो. लेक दुसरीत आहे. गुलमोहराच्या शेंगा चिरून त्यातल्या बिया रंगाप्रमाणे लावत तासभर बसेल, पण वहीत रोज लाल शेरा: 'लेखन अपूर्ण'. हल्ली सकाळी पोट दुखतं म्हणते.

तिला परीक्षा नसलेल्या, हाताने करून शिकवणाऱ्या शाळेत घालावं असं मनापासून वाटतंय. ही कल्पना काही नवी नाही. 1921 मध्ये सुरू झालेल्या, इंग्लंडमधल्या समरहिल शाळेत तासाला बसणं मुलांच्या मर्जीवर असतं आणि आपल्याकडे ताराबाई मोडक, अनुताई वाघ यांनी कोसबाडला आदिवासी मुलांना पानं, बिया, खडे घेऊनच शिकवलं. सासूबाई मात्र म्हणतात, "दहावीचं काय?"

तुमच्यापैकी कुणाचं बालपण अशा शाळेत गेलंय का? दहावी एनआयओएसमधून (म्हणजे राष्ट्रीय मुक्त शिक्षण मंडळातून) दिलीत की राज्य बोर्डातून? पहिल्यांदा तीन तासांचा पेपर लिहिताना कसं वाटलं? अकरावीचा ऑनलाइन प्रवेश सुरळीत झाला का? आणि मुख्य म्हणजे, शेजारपाजारची मुलं वेगळ्या शाळेत, याचा एकटेपणा जाणवला का? मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच आहे.

ठाणे-मुलुंड पट्ट्यातली, मराठीला जागा देणारी अशी शाळा माहीत असेल तर तेही कळवा. फी झेपेल अशी हवी.