मदत हवी आहे: सलग ऐकण्यासारखे अल्बम सुचवा, आणि कान कुठे लावायचा तेही सांगा

नमस्कार मंडळी,

शास्त्रीय आणि भावसंगीतातले असे अल्बम हवे आहेत, जे पहिल्यापासून शेवटपर्यंत एका बैठकीत ऐकण्यासाठीच बांधले आहेत. गाजलेल्या गाण्यांचे संच नकोत, ते मोबाइलवर ढिगाने पडलेत. नवीन काही असेल तर उत्तमच, पण लहानपणी घरात कॅसेटवर वाजायचं आणि नुसतंच कानावरून गेलं, असंही चालेल. तसलं तर आधी हवंय.

हे खूळ डोक्यात शिरलं ते ऑफिसातल्या एका काकांमुळे. ख्यालगायक उस्ताद अमीर खाँसाहेबांचं काय ऐकू, असं त्यांना विचारलं. त्यांनी मारवा-दरबारीची एलपी, म्हणजे मोठी तबकडी सांगितली, एका बाजूला राग मारवा आणि दुसऱ्या बाजूला राग दरबारी. नाव मला नवीन नव्हतं. मारवा पूर्वी लावलाही होता, पण फार संथ वाटून तो तसाच राहिला होता. काका म्हणाले, ‘दिवेलागणीला लाव, आणि सा कधी येतो एवढंच बघत बस.’

त्या एका वाक्याने सगळं बदललं. मारव्यात पंचम, म्हणजे प नाही. रिषभ (रे) कोमल, मध्यम (म) तीव्र, आणि सगळा भार रिषभ-धैवतावर, म्हणजे रे आणि ध वर. मागे तानपुरा सा, म्हणजे मूळ आधाराचा सूर, धरून बसलेला, आणि खाँसाहेब मात्र त्याच्या भोवतीने फिरतायत. कोमल रिषभावर थांबतात, खाली धैवतावर उतरतात, पुन्हा वर येतात, सा हुलकावणी देत राहतो. झुमरा तालाच्या चौदा मात्रा इतक्या सावकाश जातात की आपणच आतून सा म्हणायला लागतो. बंदिशीतला पिया ‘अनत देस’, म्हणजे परमुलखात गेलेला आहे, आणि सूरही तसाच घराबाहेर राहिलेला. मग तो सा लागतो. त्या एका सुरासाठी मी ती बाजू कितीतरी वेळा लावली आहे.

ॲपही मला सुचवतं. मारवा ऐकला की आणखी दहा जणांचे मारवे समोर ठेवतं. पण ‘सा कधी येतो बघ’ हे ते सांगत नाही. म्हणून इथे विचारतोय.

दुसरं उदाहरण ‘कॉल ऑफ द व्हॅली’. 1967 साली एचएमव्हीने काढलेला हा अल्बम बहुतेकांनी ऐकला असेल. संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, गिटारवर ब्रिजभूषण काब्रा आणि तबल्यावर माणिकराव पोपटकर. भावगीतं गाणारे आपले जी. एन. जोशी यांनी एचएमव्हीत असताना हे जुळवून आणलं, याचा मला फार अभिमान वाटतो. काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा दिवस त्यात आहे. पहाट अहिर भैरव-नट भैरवाची, मग पिलू, भूप, देस आणि शेवटी पहाडी. रागांचे प्रहर, म्हणजे कोणता राग दिवसाच्या कोणत्या वेळी गायचा-वाजवायचा, हीच त्याची गोष्ट. मोबाइलवर शफल चालू राहिलं की देस आधी आणि पहाट नंतर, म्हणजे गोष्टच गेली. नंतरच्या सीडीत पहाडीच्या पुढे मूळ तबकडीवर नसलेल्या आणखी चिजा जोडल्यात. त्या सुरेख आहेत, पण मी पहाडीला थांबतो. मेंढपाळाचा दिवस तिथे पूर्ण होतो.

मराठीत असं ‘शिवकल्याण राजा’बद्दल वाटतं. राज्याभिषेकाला तीनशे वर्षं झाली तेव्हाचा, म्हणजे 1974 चा. लताबाईंचा आवाज, हृदयनाथांचं संगीत आणि बाबासाहेब पुरंदऱ्यांचं निवेदन. समर्थ रामदास, कवी भूषण, कुसुमाग्रज एका धाग्यात ओवलेत तो धागा निवेदनाचाच आहे. बऱ्याच ठिकाणी नुसती गाणी सुटी ठेवलेली दिसतात, तेव्हा जीव हळहळतो.

तर विचारायचं आहे ते हे:

असे आणखी कोणते अल्बम? फक्त नाव नको, कान कुठे लावायचा तेही लिहा. आणि मूळ बाजू, मूळ क्रम सापडत नसेल तर तुम्ही काय करता?

प्रतिसाद १

तुमच्याच यादीतून पुढे जा. ब्रिजभूषण काब्रा हे सरोदवादक अली अकबर खाँसाहेबांचे शिष्य. गिटार मांडीवर आडवी ठेवून ते मिंड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं, काढत ती सरोदाच्या वळणाची आहे. तेव्हा आता गुरूंकडे जा. 1955 साली अमेरिकेत निघालेली त्यांची ‘म्युझिक ऑफ इंडिया: मॉर्निंग अँड इव्हनिंग रागाज’ ही एलपी ऐका. तबल्यावर चतुरलाल आहेत. सुरुवातीला व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन बोलून ओळख करून देतात, ते गाळू नका. ज्यांनी आपलं संगीत कधी ऐकलेलं नाही अशा लोकांसमोर ही तबकडी ठेवली जात होती, हे त्या बोलण्यावरून कळतं.

एका बाजूला सिंधू भैरवी आहे, दुसऱ्या बाजूला पिलू. कान पिलूवर लावा, कारण ‘कॉल ऑफ द व्हॅली’तही पिलू आहे. आधी तो ऐका, लगेच हा ऐका. तिथे तीन वाद्यं एकमेकांना जागा देत गोष्ट सांगतात, इथे एकटं सरोद सगळं घर सांभाळतं. मला स्वतःला दुसरा जास्त आवडतो.

प्रतिसाद २

दादा, किशोरीताई आमोणकरांची भूप आणि बागेश्रीची एलपी घ्या. ‘सहेला रे’ सगळ्यांना पाठ आहे, पण बहुतेकांनी ते एकटंच ऐकलेलं असतं. त्याच्याआधी ‘प्रथम सूर साधे’ हा विलंबित, म्हणजे संथ लयीतला ख्याल आहे. भूपात मध्यम-निषाद नाहीत, जेमतेम पाच स्वर. गंधाराकडे, म्हणजे ग कडे लक्ष ठेवा. ताई त्याच्याकडे दरवेळी वेगळ्या वाटेने येतात, कधी खालून अलगद, कधी पंचमावरून उतरत. तो गंधार मनात मुरल्यावर ‘सहेला रे’ सुरू झालं, की ते गाणं वेगळंच भेटतं. माझ्या आईला मी हे असं क्रमाने ऐकवलं, आता ती ‘सहेला रे’ हे द्रुत, म्हणजे जलद लयीतलं, एकटं लावूच देत नाही. बागेश्री त्याच दिवशी ऐकू नका, रात्रीसाठी राखून ठेवा.

आणि लहानपणी कानावरून गेलेलं म्हणालात म्हणून एक: कुमार गंधर्वांचं ‘मला उमजलेले बालगंधर्व’, नाट्यगायक बालगंधर्वांच्या पदांचं. आधी बालगंधर्वांचं तेच पद जुन्या ध्वनिमुद्रिकेवर ऐका, जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचं असतं. मग कुमारजी. नक्कल एका जागेचीही नाही. आवडलेल्या गाण्यावर प्रेम करणारा माणूस त्याच्याशी बोलतोय, असं वाटतं.

प्रतिसाद ३

क्रमाबद्दल. एलपीच्या मागच्या कव्हरचे फोटो जुन्या तबकड्या विकणाऱ्यांच्या पानांवर मिळतात. त्यावर बाजू, राग, ताल, साथीदार सगळं छापलेलं असतं. त्यावरून स्वतःची प्लेलिस्ट करावी. शफल बंद, आणि अल्बम संपल्यावर ॲप आपणहून पुढचं वाजवतं तेही बंद. एक बाजू साधारण वीस-पंचवीस मिनिटांची असते. तेवढ्यावर थांबून पाणी पिऊन या, मग दुसरी. मारव्याला लागून लगेच दरबारी सुरू होणं मला सोसत नाही.

दुसरं, कॅसेटवरून चढवलेलं असेल तर वेग तपासा. टेप जलद फिरलेली असली की स्वर चढतो आणि आवाज पातळ होतो. अमीर खाँसाहेबांसारख्या खर्जातल्या, म्हणजे खालच्या पट्टीतल्या आवाजात हे चटकन कळतं. एकाच अल्बमच्या दोन-तीन प्रती लावून बघा, आवाज जिथे भरीव वाटेल ती ठेवा.

मूळ लेखक

मनापासून आभार. दोन पिलू पाठोपाठ ऐकले आणि काब्रांच्या मिंडेत सरोद दिसायला लागलं. प्रतिसाद २ लिहिणारे, भूपाचं तुम्ही सांगितलंत तसंच करतोय, बागेश्रीला अजून हात लावलेला नाही.

आता आणखी एक मदत. लताबाई आणि हृदयनाथांचा मीरेच्या भजनांचा ‘चाला वाही देस’ मला मूळ क्रमाने लावायचा आहे. ॲपवर दोन ठिकाणी दोन वेगळे क्रम दिसतात. कुणाकडे मूळ तबकडी असेल, तर मागच्या कव्हरवरच्या दोन्ही बाजूंचा क्रम इथे टंकाल का? आणि त्यातल्या कोणत्या भजनात कान कुठे लावायचा, तेही.