भांगेच्या ‘जाती’ म्हणायचं की ‘गावठी वाण’?

तापीकाठ: एका लेखाचं मराठी करतोय, भांगेच्या जुन्या प्रादेशिक प्रकारांवर आहे. त्यात ‘लँडरेस’ (एखाद्या भागात पिढ्यानपिढ्या जपलेलं स्थानिक बियाणं) हा शब्द सारखा येतो. एक मित्र म्हणे भांग, गांजा, चरस अशा तीन जाती लिहून टाक. मला काही पटेना. आपल्याकडे बियाण्यासाठी जे बोलतात त्यातलं काही बसेल का?

धुळेकर: नाही भो, त्या तीन जाती नाहीतच, झाड एकच. पानं ती भांग, मादी झाडाचा फुलोरा तो गांजा, अन् वेगळी काढलेली राळ म्हणजे चरस. १९८५ च्या एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यातही गांजाच्या व्याख्येत फुलोराच धरलाय, नुसती पानं नि बी नाही. शिरपूरकडे कपाशीत-तुरीत लपवून लावलेली झाडं पकडली की पेपरात ‘गांजाची शेती’ येतं, ते बरोबरच आहे. अन् हेम्पला (धाग्यासाठी लावलेल्या भांगेला) अंबाडी लिहू नका हो कृपया! काही लोक सर्रास लिहितात. अंबाडी आपली भाजीची, भेंडीच्या कुळातली, पानाचा आकार थोडा सारखा दिसतो एवढंच.

बियाणंवाला: माझं मत गावठी वाण. ‘जात’ नको, कारण सॅटिव्हा-इंडिकाला पण लोक जातच म्हणतात (ही भांगेची शास्त्रीय नावं. सॅटिव्हा नाव वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनं दिलेलं, १७५३, इंडिका लामार्कनं, १७८५, आणि तेही भारतातल्या बारीक पानाच्या झाडावरून, म्हणून आज नेटवर बुटक्या रुंद पानाच्या झाडाला इंडिका म्हणतात ते मुळात जुळतच नाही).
गावठी वाण म्हणजे काय ते आपल्या दादर ज्वारीच्या शेतात उभं राहून बघा. एकाच ओळीत एक ताट डोक्याच्या वर, शेजारचं हातभर कमी, एक कणीस घट्ट तर एक मोकळं, तरी सगळी दादरच. हायब्रीड ज्वारीत सगळी कणसं एका उंचीवर. ही जी आतली सरमिसळ आहे तीच जनुकीय विविधता, एखादं वर्ष पाऊस दगा देतो तेव्हा त्यातलं काहीतरी तगतं. भांगेत तर ती जास्तच, कारण नर-मादी झाडं बहुतेक वेगळी नि पराग वाऱ्यावर, म्हणून प्रत्येक बी वेगळं. अफगाणिस्तानाकडच्या हिंदुकुश डोंगरातला वाण बुटका, रुंद पानाचा, थंडीच्या आत पिकणारा. केरळचा उंच, बारीक पानाचा, फुलायला वेळ घेणारा, तिकडे हंगाम लांब असतो ना.

तापीकाठ: म्हणजे वाणाआधी गावाचं नाव पाहिजेच. आणि हिमालयात रस्त्याकडेला आपोआप उगवते तिला?

बियाणंवाला: तिला रानभांग. माणसानं पिढ्यानपिढ्या बी निवडून ठेवलं तरच गावठी वाण. दोन्हीला एकच शब्द वापरला तर लेखातला मुख्य मुद्दाच हरवेल, कारण बाहेरचं बी आणून शेजारी लावलं की परागानं आधी हाच निवडलेला वाण बिघडतो, आणि एकदा मूळ बी गेलं की ते परत आणायला कोणाकडे जाणार?