विज्ञान दिनाला मुलांना कुठे न्यावं: खोडद की आयुका?

मंचरची_आई

मुलगी सहावीत, मुलगा दुसरीत. २८ फेब्रुवारीला सुट्टी टाकून दोघांना कुठेतरी न्यायचं म्हणतेय. गेल्या वर्षी शहरातल्या एका शाळेचं विज्ञान प्रदर्शन पाहिलं आणि डोकं उठलं. प्रत्येक टेबलावर ‘हात लावू नये’. थर्माकोलचा ज्वालामुखी, त्याच्यामागे टाय लावलेला पोरगा घडाघडा पाठ केलेलं म्हणतोय. आमच्या धाकट्याने विचारलं, “हा खरंच तापतो का?” तो पोरगा थांबला, आणि पहिल्यापासून परत सुरू झाला!

खोडदची मोठी रेडिओ दुर्बीण आम्हाला जवळ. पण तिच्या नुसत्या तबकड्या लांबून बघून दुसरीतल्या मुलाला काय कळणार? की सरळ पुण्याला आयुकात, त्या खगोलशास्त्राच्या संस्थेत जाऊ? मुलीला चित्रकला-हस्तकलेची जास्त आवड आहे, विज्ञान म्हटलं की तोंड वाकडं करते. तिलाही रमेल असं काही सांगा.

कोथरूडकर

आयुकाच. तिथली मुक्तांगण विज्ञान शोधिका म्हणजे अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंतून खेळणी घडवली ती जागा. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे नि काड्यापेटीच्या काड्या जोडून केलेले त्रिकोण-चौकोन तुमच्या मुलीला नक्की आवडतील. चौकोन दाबला की कलंडतो, त्रिकोण हलत नाही, हे बोटांनाच कळतं. आवारात पृथ्वी फिरते हे दाखवणारा फुकोचा लंबकही आहे. गर्दी मात्र मरणाची असते, सकाळी लवकर पोचा. निघण्याआधी त्या वर्षीच्या वेळा बघून घ्या.

जुन्नरचे_गुरुजी

ताई, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे, पोरांना घेऊन खोडदला बऱ्याचदा गेलोय. लांबून बघून काय कळणार म्हणालात, म्हणून सांगतो.

तिथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. चौदा मधल्या भागात जवळजवळ, बाकीच्या तीन दिशांना दूरवर पसरलेल्या. पहिल्या वर्षी आमचा एक पोरगा खालून वर बघत म्हणाला, “गुरुजी, हिच्यातून आभाळ दिसतंय, फाटलीये.” फाटलेली नाही, ती आहेच तारेच्या जाळीची. मी विचारलं, चाळणीतून पीठ खाली पडतं, मग गहू का नाही पडत? आकाशातून येणाऱ्या ज्या रेडिओ लहरी इथे पकडतात, त्यांची लांबी वीस सेंटिमीटरपासून काही मीटरपर्यंत. जाळीची भोकं त्यामानाने अगदी बारीक, म्हणून लहरींना ती जाळी सलग पत्र्यासारखीच. वारा मात्र आरपार जातो, त्यामुळे एवढं धूड हलकं ठेवता आलं. हे दुसरीच्या पोरालाही कळतं, फक्त घरून चाळणी न्या. मोबाइल बंद ठेवावा लागतो, कारण त्याच्या लहरी मोजमापात घुसतात. हेही मुलांना सांगा, घरी उपयोगी पडेल.

विज्ञान दिनाला तिथे आसपासच्या शाळांची मुलंही आपले प्रयोग मांडतात. पण सगळे स्टॉल करायला जाऊ नका. आम्ही एकदा चाळीस पोरं घेऊन एकूण एक टेबल फिरवली. परतताना एसटीत विचारलं काय आवडलं, तर “भेळ”. तेव्हापासून एकच स्टॉल, जिथे हाताने करायला मिळेल तिथे बसायचं, आणि घरी आल्यावर एक वस्तू करायची.

आमची वस्तू म्हणजे मोटार. टॉर्चचा मोठा सेल, दोन सेफ्टी पिना, त्या सेलच्या दोन टोकांना धरून ठेवायला सायकलच्या ट्यूबचं रबर, एक चुंबक. तांब्याची लाखवलेली तार विहिरीवरच्या मोटारी भरून देणाऱ्याकडे तुकड्यांनी फुकट मिळते. सेलभोवती दहा-बारा वेढे घ्या, ते वेटोळं सेलवरून उतरवा, दोन्ही टोकं समोरासमोर बाहेर काढा. एक टोक पॉलिश पेपरने पूर्ण खरवडा. दुसऱ्याची फक्त वरची बाजू, तीही वेटोळं उभं धरून. चुंबक सेलवर ठेवा, टोकं पिनांच्या भोकांत, बोटाने टिचकी.

पोरं हमखास दोन्ही टोकं पूर्ण खरवडतात. खरवडू द्या. वेटोळं नुसतं डुलत राहतं, कारण अर्ध्या फेरीत पुढे ढकललं जातं नि उरलेल्या अर्ध्यात मागे. मग तार बदलून करायला लावा. फिरली की वर्गात जो आरडाओरडा होतो, त्यावर हेडमास्तर धावत आले होते.

माडाखाली

मुलीसाठी माझ्याकडून. आम्ही मालवणकडे माडाच्या पातीची पिपाणी करतो. पात तिरकी गुंडाळत न्यायची, टोकाशी दाबलेली जिभली. जितकी लांब गुंडाळाल तितका आवाज खाली उतरतो. दोन-तीन लांबीच्या केल्या की वेगवेगळे सूर निघतात, वर नक्षीही काढता येते. मंचरात माड नसतील तर पाहुण्यांकडून मागवा, पात ओली हवी.

मंचरची_आई

गुरुजी, मोटारीचा सेल तापतो का? धाकटा सोडणार नाही बघा.

जुन्नरचे_गुरुजी

तापतो. अडलेलं वेटोळं तसंच ठेवलं तर तारही चटका देते. अडलं की लगेच उचलायचं, एवढा एकच नियम. वीज घरातल्या प्लगची कधीच नाही, सेलचीच.

मंचरची_आई

खोडदला जाऊन आलो. चाळणी नेली होती, चार अनोळखी मुलंही ती मागून बघत होती. पिपाणीचं राहिलं, पात मिळाली नाही. मोटारीला रात्रीचे साडेनऊ वाजले. धाकट्याची पहिल्या टिचकीला फिरली. मुलीने आधी दोन्ही टोकं खरवडली, मग वैतागून तार फेकली, मग स्वतःच उचलून आणली. आता वेटोळ्याला कागदाची फुलपाखरं चिकटवायची म्हणतेय. वजनाने अडेल असं मी म्हटलं, तर म्हणाली, “मग पतंगाच्या कागदाची करते.” गुरुजी, तार अजून थोडी लागेल. नारायणगावात मोटारी भरणारं कोण आहे?