याओ मिंगची कारकीर्द कोणी संपवली?

गगनबावडा:
२० जुलै २०११ ला चिनी बास्केटबॉलपटू याओ मिंगनं निवृत्ती जाहीर केली तेव्हा त्याचं वय अवघं तीस. उंची सात फूट सहा इंच. एनबीएमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये, सामन्यामागे सरासरी १९ गुण, ९.२ रिबाउंड (हुकलेल्या फटक्यानंतर पकडलेला चेंडू) आणि फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारे मोकळे फटके) ८३ टक्के! एवढ्या उंच सेंटरचा, म्हणजे बास्केटजवळ खेळणाऱ्या खेळाडूचा, हात इतका हलका मी दुसऱ्या कोणाचा पाहिला नाही. पण सामने मोजून ४८६.

माझं मत स्पष्ट आहे. चीनच्या राष्ट्रीय संघानं त्याला पिळून काढलं. पहिल्या तीन हंगामांत त्याच्या एनबीए संघाच्या, ह्यूस्टन रॉकेट्सच्या, २४६ पैकी २४४ सामन्यांत तो उतरला. हंगाम संपला की बाकीचे घरी जायचे, हा मात्र राष्ट्रीय शिबिरात. एप्रिल २००६ मध्ये पाऊल मोडलं, ऑगस्टमध्ये जपानला जागतिक स्पर्धेत हजर. फेब्रुवारी २००८ मध्ये डाव्या पावलाला स्ट्रेस फ्रॅक्चर (सततच्या भारानं हाडाला गेलेली चीर), शस्त्रक्रिया झाली, आणि ऑगस्टमध्ये बीजिंग ऑलिंपिक. हाड भरून यायला वेळ कुठे मिळाला?

नागपुरी संत्रं:
साफ असहमत. तुम्ही त्याला बिचारा करून टाकलंत. हे ऑलिंपिक हुकलं तर ती माझ्या कारकिर्दीतली सर्वांत मोठी हानी ठरेल, असं तो स्वतःच म्हणाला होता. उद्घाटनाला हातात ध्वज, शेजारी सिचुआनच्या भूकंपातून वाचलेला नऊ वर्षांचा लिन हाओ. अमेरिकेविरुद्ध चीनचे पहिले गुण यानंच तीन गुणांच्या फटक्यावर मिळवले. सामना १०१-७० असा हरले, तरी तो क्षण त्याला हवा होता. आईवडील दोघंही बास्केटबॉलपटू, शांघायमध्ये याच खेळात वाढलेला मुलगा. त्याचा निर्णय त्याचा होता, एवढं तरी मान्य करा.

सोनचाफा:
कॉलेजात खेळताना मला पावलाचं स्ट्रेस फ्रॅक्चर झालं होतं. पाऊल टेकलं की आत सुई घुसल्यासारखं व्हायचं. तीन महिने घरी बसले, आणि माझं वजन होतं साठ किलो. याओ १४० किलोचा! रिबाउंडसाठी उडी मारून तो खाली यायचा तेव्हा सगळा भार त्या चिमुकल्या हाडांवर.

आणि गगनबावडा, तारखा नीट बघा. डिसेंबर २००६ ला गुडघ्याखालचं हाड, फेब्रुवारी २००८ ला पाऊल, मे २००९ ला एनबीएतल्याच लेकर्स संघाविरुद्ध पुन्हा तेच पाऊल. तिन्ही वेळा अंगात रॉकेट्सचा शर्ट होता. वर्षाला ८२ सामने चीननं लावले नव्हते.

गगनबावडा:
हाड मोडतं हिवाळ्यात, एनबीएच्या हंगामात, पण झिजतं उन्हाळ्यात, राष्ट्रीय संघात. लिथुआनियाचा सेंटर इल्गाउस्कस बघा, सात फूट तीन इंच. त्याचीही पावलं सुरुवातीलाच पुनःपुन्हा मोडली. देशाकडून तो एकही ऑलिंपिक खेळला नाही आणि एनबीएत २०११ पर्यंत टिकला, वयाच्या छत्तिसाव्या वर्षापर्यंत.

चौथा क्वार्टर:
मुळात तो एवढा मोठा होता का? आठ वेळा ऑल-स्टार (एनबीएतल्या ताऱ्यांच्या सामन्यासाठी निवड) झाला तो चीनमधून पडणाऱ्या मतांवर. प्लेऑफची, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांपैकी, एकच फेरी जिंकलेल्या माणसाला २०१६ मध्ये हॉल ऑफ फेम, म्हणजे बास्केटबॉलमधल्या थोरांच्या यादीत स्थान?

सोनचाफा:
ऑल-एनबीए संघात, म्हणजे हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीत, पाच वेळा निवड झाली त्याची. तिथं चाहते नाही, पत्रकार मतं देतात.

नागपुरी संत्रं:
इल्गाउस्कसचं उदाहरण चांगलं आहे, त्याचा विचार करावा लागेल. पण पुढचंही बघा. २०१७ मध्ये याओ चिनी बास्केटबॉल संघटनेचा अध्यक्ष झाला आणि राष्ट्रीय संघाचे लाल आणि निळा असे दोन संघ केले, म्हणजे जास्त खेळाडूंना संधी.

गगनबावडा:
म्हणजे भार वाटून दिला! हेच तर मी पहिल्यापासून सांगतोय. त्याच्या वेळी दुसरा संघ सोडा, त्याच्या जागी उभा राहील असा दुसरा सेंटरही त्यांनी तयार केला नव्हता.