पावसाळ्यात घरगुती साबणावर तांबूस डाग आणि खवट वास : काय करावे?

मृद्गंध (रत्नागिरी) :
नमस्कार. मी घरच्या वापरापुरता, तेल न शिजवता थंड पद्धतीने साबण करते. उन्हाळ्यात केलेला साबण उत्तम टिकतो, पण जूनमध्ये केलेल्या घाण्यात दोन गोष्टी दिसत आहेत. सकाळी वड्यांवर घामासारखे बारीक थेंब जमतात. शिवाय लोखंडी जाळीवर वाळत ठेवलेल्या वड्यांच्या तळाशी, बरोबर तारांच्या रेघांवर, तांबूस-नारिंगी ठिपके उमटले असून त्यांना तळणीच्या जुन्या तेलासारखा वास येतो. तेलांचे प्रमाण सूर्यफूल 50 टक्के, खोबरेल 40 टक्के आणि एरंडेल 10 टक्के असे होते व सुपरफॅट (साबण न होता वडीत मुद्दाम मोकळे ठेवलेले जास्तीचे तेल) 8 टक्के ठेवले होते. रंगासाठी कडुनिंबाचा ताजा पाला वाटून घातला होता. ही बुरशी आहे का, या वड्या वापराव्यात का आणि पावसाळ्यातच पुढचा घाणा करायचा झाल्यास काय बदलावे, हे कृपया सांगावे.

तैलबिंदू :
थेंब आणि ठिपके यांची कारणे निराळी आहेत, त्यामुळे त्यांचा विचारही निराळा करावा. साबण तयार होताना त्यातच ग्लिसरीन तयार होते आणि ते हवेतील ओलावा ओढून घेते, म्हणून कोकणातल्या जुलैच्या हवेत वडीला घाम फुटणे स्वाभाविक आहे. त्याने साबण नासत नाही. कोरड्या सुती फडक्याने हळुवार टिपून घ्यावे, इतकेच.

ठिपके मात्र खवटपणाचे आहेत, बुरशीचे नव्हेत. साबणाचा पीएच साधारण 9 ते 10 असतो आणि त्यात बुरशी सहसा वाढत नाही. तुमच्या घाण्यात निम्मे तेल सूर्यफुलाचे आहे. खोबरेलाचा आयोडीन अंक साधारण 6 ते 11 असतो, तर नेहमीच्या सूर्यफुलाचा 120 ते 140च्या घरात जातो, आणि हा अंक जितका मोठा तितके ते तेल हवेतील ऑक्सिजनने लवकर बिघडते. त्यात 8 टक्के सुपरफॅट म्हणजे साबण न झालेले बरेचसे तेल वडीत मोकळे राहिले. लोखंडाचा व तांब्याचा अंश ही प्रक्रिया झपाट्याने वाढवतो, म्हणूनच ठिपके तारांच्या रेघांवर आले आहेत. पावसाने जाळी गंजली एवढाच त्याचा वाटा; मूळ दोष तेलाच्या निवडीत आहे आणि सुधारणाही तिथूनच करावी लागेल.

पुढच्या घाण्यात सूर्यफूल 10 ते 15 टक्क्यांवर आणावे आणि सुपरफॅट 5 टक्क्यांपुढे नेऊ नये. कमी झालेल्या तेलाची जागा आपल्याकडचे कोकमतेल (भिरंडेल) चांगली भरून काढते, कारण त्यात स्टिअरिक आम्ल भरपूर असल्यामुळे वडी कठीण होते आणि खवटपणाही उशिरा येतो. प्रत्येक तेलाचा साबण होण्यासाठी लागणारा कॉस्टिक सोडा (पुढे नुसता ‘सोडा’) वेगळा असतो, त्यामुळे तेल बदलल्यावर हिशेब नव्याने करणे अत्यावश्यक आहे.

रानवारा (पुणे) :
मी तेलात व्हिटॅमिन ई घालते आणि वड्या लगेच घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरते. ओलावा आतच जाणार नाही, तर ही अडचण येणारच नाही, असे मला वाटते.

तैलबिंदू :
रानवाराताई, व्हिटॅमिन ईची थोडीफार मदत होते, पण धातूच्या अंशाला ते आवर घालत नाही. त्यासाठी सायट्रिक आम्ल अधिक उपयोगी पडते. 1 किलो तेलासाठी 10 ग्रॅम सायट्रिक आम्ल आधी पाण्यात विरघळवावे आणि ते सुमारे 6 ग्रॅम सोडा खाऊन टाकते म्हणून तेवढा सोडा जास्तीचा धरावा. त्यापासून तयार होणारे सोडियम सायट्रेट लोखंड-तांब्याचे अंश बांधून ठेवते. सोडा नेहमी पाण्यात घालावा, पाणी सोड्यावर कधीही ओतू नये. हातमोजे व चष्मा घालून, खिडकी उघडी ठेवूनच हे काम करावे.

ताज्या वड्या डब्यात बंद करणे मात्र योग्य नाही. साबण होण्याची क्रिया एक-दोन दिवसांत बहुतेक पूर्ण होत असली, तरी त्यानंतरचे चार ते सहा आठवडे वडीतील पाणी निघून जाण्यासाठी असतात, आणि झाकण लावले की ते पाणी आतच कोंडते.

मृद्गंध :
मनःपूर्वक आभार. पण आमच्याकडे बाहेरची हवाच इतकी दमट आहे, तर वडी वाळली हे ओळखायचे कसे? आणि डाग पडलेल्या वड्यांचे काय करावे?

सुपली (सावंतवाडी) :
आम्ही एका वडीला खूण करून दर आठवड्याला तिचे वजन करतो. घट थांबली की साबण वाळला असे समजतो. मुसळधार पावसाच्या आठवड्यात वजन उलट वाढलेले दिसले, तर ते हवेतले पाणी आहे असे मानून आणखी थांबावे. मुळातच पाणी कमी, म्हणजे सोड्याच्या दुप्पट वजनाइतकेच घेतले, तर प्रतीक्षा बरीच कमी होते. वड्या बांबूच्या सुपलीत बटर पेपर पसरून, एकमेकींना न चिकटवता उभ्या ठेवाव्यात, खोलीत पंखा मंद चालू ठेवावा आणि अधूनमधून कुशी बदलावी. उन्हात ठेवू नये. उजेड आणि उष्णता या दोन्हींनी तेल लवकर खवटते. पूर्ण वाळल्यावर बटर पेपरमध्ये गुंडाळून पुठ्ठ्याच्या खोक्यात, भिंतीपासून दूर, कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवल्यास साबण पुढच्या उन्हाळ्यापर्यंत चांगला राहतो.

कडुनिंबाचा ताजा पाला मात्र टाळावा. त्याचे कण पृष्ठभागावर येऊन काळपट होतात आणि ओला चोथा साबणात राहणे चांगले नाही. वाळलेला पाला खोबरेलात काही दिवस भिजवून गाळून घेतलेले तेल वापरावे.

ठिपके थोडे असतील तर तेवढा भाग सुरीने छिलून उरलेली वडी भांडी किंवा पायपुसणी धुण्यासाठी संपवावी. खवट वास पूर्ण वडीत उतरला असेल, तर ती अंगाला लावू नये, कोणाला भेटही देऊ नये आणि नव्या वड्यांच्या खोक्यात तर मुळीच ठेवू नये.